भैरवी झाल्याशिवाय उठायचं नाही

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ डिसेंबर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत शारंगदेव महोत्सवाला येतोस असा तुझा निरोप मिळाला. लई बरं वाटलं. पण लगोलग गेल्या खेपेची आठवण झाली. तू नऊला उठलास तेव्हा बागेश्री रागाचा विलंबित ख्याल नुकताच बहरात येत होता. साडेनऊची गाडी गाठायची म्हणून चपला हातात घेऊन वाकत वाकत बाहेर गेलास. सव्वाअकराला मैफल संपवणारी भैरवी सुरू झाली तेव्हा तुझी गाडी शहागडच्या पुलावर असेल. मी तुला फोन लावला, तसाच धरून ठेवला, पण पलीकडून नुसता गाडीचा आवाज. त्या रात्री शेजारची रिकामी खुर्ची मला फार लागली. पाच-साडेपाच तास एसटीत बसून अंबाजोगाईहून आलेला माणूस अर्ध्यावरून उठून जातो, हे मला सहन होत नाही. म्हणून या खेपेला मुक्कामाला ये. परतीच्या गाडीवर डोळा ठेवून गाणं ऐकता येत नाही.

मोंढ्यात तेव्हा तुरीचा हंगाम असणार, आडतीवर मुनिमाला सुटी मिळणं अवघड, हे मला कळतं. पण शेटजींना आत्ताच सांगून ठेव. आणि ज्याच्या नावाने हा महोत्सव आहे तो शारंगदेवही तुझ्यासारखाच हिशेबाचा माणूस होता, हेही सांग त्यांना. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले, आणि हा देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारात श्रीकरणाधिप झाला, म्हणजे जमाखर्चाच्या दप्तराचा प्रमुख. ते काम सांभाळून त्यानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्याय: स्वरांपासून राग, प्रबंध म्हणजे गीतरचना, ताल, वाद्यं आणि शेवटी नर्तन. गाणाऱ्याचे दोषसुद्धा त्यानं मोजून ठेवलेत. दात आवळून गाणं, उंटासारखी मान उंच करून गाणं, कावळ्यासारखा आवाज, डोळे मिटून गाणं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गावच्या भजनातले एकेक जण आठवले. दिगंबर, हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे लोक ज्या ग्रंथाला मानतात तो आपल्या मराठवाड्याच्या मातीत लिहिला गेला, आणि आपल्याकडं दहातल्या नऊ जणांना त्याचं नाव माहीत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी आपण थेट दौलताबादला, म्हणजे त्याच देवगिरीला जायचं. इथून पंधरा-सोळा किलोमीटर, वेरूळला जाणारी कोणतीही एसटी किल्ल्याच्या दारात सोडते. वर बारादरीपर्यंत चढायचंच असं नाही. दम राखून ठेव, संध्याकाळी बसायचंय. वेळ उरला तर तसंच पुढं वेरूळ. पण मंगळवारी लेणी बंद असतात, आणि अजिंठा सोमवारी. येण्याचा वार ठरवताना एवढं बघ.

महोत्सव एमजीएम शिक्षणसंस्थेच्या आवारात, महागामी गुरुकुलात असतो. तिथं कथक आणि ओडिसी शिकवतात, त्यामुळं गाण्याबरोबर नाचही बघायला मिळेल. सिडको बसस्थानकावर उतरलास तर तिथून जवळ पडतं. मध्यवर्ती स्थानकावर उतरलास तर रिक्षा कर, पण बसायच्या आधी भाडं ठरव.

वेरूळ-अजिंठा महोत्सवालाही यायचं असेल तर त्याचं गणित मात्र वेगळं. पूर्वी तो कैलास लेण्याच्या पुढ्यात व्हायचा, आता सोनेरी महालात होतो. मधे काही वर्षं झालाच नाही, २०२३ साली फेब्रुवारीअखेरीला पुन्हा सुरू झाला. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून पेपरात बघून मी कळवीन. सोनेरी महाल विद्यापीठाच्या मागं, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. जाताना मकई गेट लागतं. त्या जुन्या कमानीत समोरून एक गाडी आली की मागं सगळी रांग अडकते, म्हणून अंधार पडायच्या आत निघायचं. येताना त्या भागात रिक्षा मिळत नाही, मी एकदा बायकोला घेऊन निम्म्या वाटेपर्यंत चालत आलोय. आपण माझ्या मोटरसायकलवर जाऊ. आणि कानटोपी, स्वेटर, जाड चादर आण. डोंगराकडून वारा सुटला की पायाखालची जमीन बर्फासारखी होते, आणि थंडीनं अंग काकडलं की माणसाला गाण्यापेक्षा घर आठवायला लागतं.

आता जागेचं. पुढचे सोफे पासवाल्यांचे. एका कार्यक्रमात ते सोफे अर्धे रिकामे आणि आम्ही पन्नास-साठ माणसं मागं उभी, असं मी पाहिलंय. एका म्हाताऱ्या बुवांना दोन तास खांबाला टेकून उभं राहावं लागलं. मी जाऊन भांडलो, तेव्हा कुठं त्यांना खुर्ची मिळाली. पुढच्या जागेचा मोह धरूच नको. साउंडवाला जिथं मिक्सर घेऊन बसतो ना, त्याच्या आसपास बस. तो जे ऐकून आवाज लावतो तेच तुझ्या कानावर येतं. कर्ण्यासमोर बसलास तर तबल्याच्या मागं गळा हरवतो.

आणि अर्धा तास आधी पोचायचं. मला तर ती वेळच जास्त आवडते. मागच्या वर्षी एक मुलगी तंबोरा जुळवत होती, तुमच्या पल्लवीएवढी असेल. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा जवारीचा दोरा ती नखानं केसभर पुढं सरकवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा केसभर मागं. शेजारी तबलजी हातोडीनं गट्ट्यावर हळूच टकटक करत होता. लोक खुर्च्या ओढत होते, पोरं रडत होती. आणि एका क्षणी चारही तारा एकात एक मिसळल्या. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते स्टेजसमोरच्या कुणीच पाहिलं नाही, मी पाहिलं. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण समारोहात आपण सतरंजीवर बसून ऐकायचो, तेव्हा तुझे वडील आपल्याला लवकर का नेऊन बसवायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

जेवणाचं सांगतो. गाण्याआधी पोटभर नको. घरी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, चहा घेऊन निघू. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, तुला खायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी शहरात जाऊ, रात्री नको, तो जड. रात्री परतताना उस्मानपुऱ्यात तारा पान. वहिनींसाठी हिमरू शाल घ्यायची असेल तर एकटा खरेदीला जाऊ नको. मागावरची कोणती आणि यंत्रावरची कोणती ते ओळखणारा माझ्या ओळखीचा माणूस आहे.

लॉजचं नाव काढलंस तर मी बोलणार नाही. मधल्या खोलीत तुझी गादी घातलेली असेल.

काकूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पल्लवीची परीक्षा नसेल तर तिलाही आण, तिला तंबोऱ्याजवळ बसवू. पाचोड सोडलं की फोन कर, मी स्थानकावर येऊन थांबतो.

तुझा,
सुधाकर