पप्पा, सातबाऱ्याबद्दल थोडं बोलायचंय

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम सलाम.

फोनवर बोलायचा तीनदा प्रयत्न केला, पण दरवेळी पप्पा "थांब, आईला देतो" म्हणून मोकळे होतात आणि आई जेवलीस का, पोरं कशीयेत, तिकडं पाऊस आहे का यातच दहा मिनिटं घालवते, म्हणून शेवटी लिहायला बसले. नाइट ड्युटी आहे, वॉर्ड शांत आहे, बारा नंबरचे आजोबा सोडले तर सगळे झोपलेत. टॅबवर पाठवतेय म्हणजे पप्पांना अक्षरं मोठी करून वाचता येतील. फक्त दादाकडून वाचून घेऊ नका. त्याच्यापासून लपवायचं असं काही नाही, त्याला मी वेगळं सांगणारच आहे, पण आधी तुम्ही दोघांनी वाचावं असं वाटतं.

मागच्या रविवारी दादाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, फोन स्पीकरवर. म्हणाला, पप्पा तीन एकराचं बक्षीसपत्र माझ्या नावानं करतायत, तुझी संमतीची सही लागेल, पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आधार कार्ड आण. एवढंच. गॅसचा नंबर लावलाय सांगावं तसं. आणि मी पण "बरं" म्हणाले. खरंच, तोंडातून बरंच निघालं, लहानपणापासूनची सवय. फोन ठेवला तर डायनिंग टेबलावर नकाशा रंगवत बसलेली रुथ मान वर न करता म्हणाली, "मम्मी, मग सलाफहादाच्या मुलींचं काय?"

पप्पा, ही गोष्ट तिला मी नाही सांगितली, तुम्ही सांगितली, मे महिन्यात, ओट्यावर, रात्रीच्या प्रार्थनेनंतर. सलाफहाद वाळवंटात वारला, त्याला मुलगा नाही, पाच मुली, त्या पाचही जणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या सरदारांपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसता, आम्हाला वतन द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही, त्यानं देवाला विचारलं, आणि देव म्हणाला मुली बरोबर बोलतायत. तुम्ही तिथं थांबून मिशा चोळल्या होत्या आणि सॅमीला विचारलं होतं की मोशेची चूक काय झाली असती? सॅमीला काही कळलंच नव्हतं, तो त्या पाचजणींतल्या नोआवर अडकला होता, त्याला वाटत होतं जहाजवाला नोहाच मुलगी निघाला. आणि रुथ म्हणाली होती, "न विचारता ठरवलं असतं तर." तुम्ही तिला गुळाचा खडा दिला होता. लक्षात आहे ना?

आता त्या पोरीला मी काय सांगू?

मी तिला आधी सांगितलं की त्या मुलींना भाऊ नव्हता, मला आहे. ती म्हणे मग भाऊ असला की मुली मोजायच्या नाहीत का. मी म्हटलं झोप आता.

तुम्ही गणनाचा 36वा अध्याय काढणार हे मला माहितीय. त्याच घराण्याची मंडळी नंतर मोशेकडं आली की मुलींची लग्नं दुसऱ्या वंशात झाली तर जमीन आपल्यातून जाईल, आणि मग ठरलं की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं. हो, आहे तसं. पण वतन काढून घेतलं नाही ना कोणी? यहोशवाच्या पुस्तकात त्यांना मिळालेलंय. आणि भाऊ असलेल्यांचं म्हणाल तर ईयोबानं शेवटी मुलींना त्यांच्या भावांबरोबरच वतन दिलं, ते पण तुम्हीच दाखवलं होतं मला, मी सातवीत होते. तुमच्याशी शास्त्रात वाद घालायचा म्हणजे तुमचीच शस्त्रं तुमच्यावर चालवायची, दुसरी माझ्याकडं नाहीतच.

कायद्याचं पण विचारून घेतलं, आमच्या इथल्या एका ओळखीच्या वकील बाईंना. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे-मुली सगळे सारखे. केरळातल्या कितीतरी ख्रिस्ती बायकांना हे पण नव्हतं, तिथं 1916 चा त्रावणकोरचा जुना कायदा चालायचा, मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय म्हणून एक बाई सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा 1986 ला ते बदललं. चर्चला जाणारे, प्रार्थना करणारे लोकच होते हो ते चौथा हिस्सा देणारे.

पण त्या वकील बाई हे पण म्हणाल्या की वडील जिवंत असताना आणि जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर असताना ते कुणालाही देऊ शकतात, मुलीची सही लागतच नाही. म्हणजे पप्पा, तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. मग माझी सही कशाला मागितली? मी दोन दिवस यावर विचार केला. मला वाटतं तुमचं मन खातंय. दुकानात कुणाला साखर कमी गेली तर तुम्हाला रात्री झोप यायची नाही, तसंच काहीतरी.

काय दिवस होते ते दुकानाचे. मला दहा-अकराव्या वर्षी तुम्ही काट्यावर उभं केलं होतं, पायाखाली तेलाचा डबा, आणि पहिला नियम सांगितला होता की पारड्याला बोट लागता कामा नये. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात पिशवीत दोन वजनं ठेवू नको म्हटलंय ते मी वाचायच्या आधी हातानं शिकले. वजनमाप खात्याचा शिक्का मारायला तुम्ही तारीख उलटायच्या आधी नगरला जायचात (अहिल्यानगर म्हणायचं आता, माझ्या तोंडात अजून बसत नाही), बाकीचे दुकानदार हसायचे. आणि तो शाबूदाण्याचा दिवस! एका म्हातारीला पाव किलोच्या जागी मी 200 चं वजन टाकलं होतं, संध्याकाळी हिशोबात तुमच्या लक्षात आलं, आणि अंधारात, वेशीच्या पलीकडं, पन्नास ग्रॅमची पुडी घेऊन मला पाठवलंत. मला कुत्र्यांची भीती वाटत होती म्हणून तुम्ही मागून चालत होतात पण पुडी माझ्या हातात, बोलायचं पण मीच. म्हातारी म्हणाली अगं पोरी एवढ्याशासाठी कशाला. मी मागं वळून बघितलं तर तुम्ही बॅटरी बंद करून लांब उभे.

आणि कप. आपल्याकडं वेगळा कप कुणासाठीच नव्हता. आजोबा सांगायचे गावात त्यांच्या बापाला चहा नारळाच्या करवंटीत वरून ओतायचे, मिशनच्या बोर्डिंगला गेले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्यात बसून एकसारख्या ताटात जेवले, म्हणून आपल्या घरात येईल त्याला, कचरा उचलायला येणाऱ्या मावशींना पण, त्याच निळ्या फुलांच्या कपात. आई, तू कधी याच्यावर भाषण दिलं नाहीस. कप विसळायचीस आणि भरायचीस. मला बाहेर गेल्यावर कळलं की सगळ्या घरात असं नसतं.

हे सगळं मी पोरांना द्यायचा प्रयत्न करते पण कसं जमतं ते मलाच माहिती. कापणारा एक, आधी उचलणारा दुसरा, हा तुमचा कलिंगडाचा नियम आमच्याकडं केकला पण चालतो, सॅमी तर आता मोबाइलच्या पट्टीनं मोजून कापतो. पण परवाच फजिती झाली. आमच्या कामवाल्या ताईंचा पगार एक तारखेला द्यायचा, माझा पगार सातला होतो म्हणून मी वर्षभर त्यांना पण सातला देत होते, त्या काही बोलायच्या नाहीत. संडे स्कूलमध्ये यांना शिकवलं की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, आणि घरी येऊन रुथनं ताईंसमोरच विचारलं, "मम्मी, यांची सूर्य मावळायच्या आत देतेस का?" ताई हसल्या, मला कुठं बघू झालं. आता एकलाच देते, आधी बाजूला काढून ठेवते. पोरांना न्याय शिकवला की ती आधी आपल्यालाच धरतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगायला हवं होतं पप्पा, तुम्हाला अनुभव असेल!

पण कसा असेल? मी धरलंच नाही ना तुम्हाला कधी. दादा अभ्यासाला आणि मी भांड्याला, तेव्हा धरायला पाहिजे होतं. आईला वाटायचं मुलीला वळण लागतंय. आई, वळण लागलं गं, पण दादाला का नाही लावलंस? वहिनी अजून म्हणते ह्यांना चहाचा कप उचलून ठेवता येत नाही.

आता दादाचं. मी हे पत्र अर्धं लिहून थांबले होते कारण त्याची बाजू मांडली नाही तर मी पण पारड्याला बोट लावल्यासारखं होईल. दादा बारावी झाला, पॉलिटेक्निकला नंबर लागला, फीचा प्रश्न आला. तेव्हा एक जण घरी येऊन सांगून गेले होते की कागदावर जुनी जात आणि हिंदू लिहा, सगळी फी माफ होईल, रविवारी चर्चला जायला कोण अडवतंय. खूप जणांनी केलंय तसं, मी त्यांना नावं ठेवत नाही. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असं ठरलं, मग 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आपण अजून बाहेरच. करवंटी तीच, पण धर्म बदलला म्हणून करवंटीतून प्यायलेलं मोजायचं नाही. हा अन्यायच आहे आणि तुम्ही तो अन्याय म्हणूनच सांगायचात, पण म्हणालात की एक नाव चर्चच्या वहीत आणि एक सरकारच्या वहीत असं मला जमणार नाही. मला तुमचा तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. पण पप्पा, त्याची किंमत तुम्ही नाही दिलीत, दादानं दिली. एक वर्ष कसंबसं केलं आणि दुकानात बसला. मला नर्सिंगला स्टायपेंड मिळाला म्हणून मी शिकले. त्याला असं वाटत असेल की जमीन तरी आपली, तर मला ते कळतं. शिवाय तुमचं मोतीबिंदू, आईचा गुडघा, सगळं तो आणि वहिनीच बघतात, मी दोन महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन येते.

म्हणून माझं म्हणणं असंय. घर आणि दुकान दादाचं, पूर्ण, त्यात मला एक वीट नको, हवी तिथं सही करते आणि खुशीनं करते. जमीन दोघांच्या नावावर, निम्मी निम्मी. कसायची त्यानंच, मला धान्याचं पोतं पण पाठवू नका, विकायची झाली तर दोघांनी मिळून ठरवायचं. पण सातबाऱ्यावर माझं नाव पाहिजे. मला पैशाची तेवढी गरज नाही हे तुम्हाला माहितीय आणि तेच तुम्ही म्हणणार, "तुला काय कमी आहे?" पाच मुलींना पण मोशेनं हे विचारलं नव्हतं.

आई, तुझ्या आजीचं तूच सांगतेस, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेली आठ वर्षांची पोर, केडगावला मुक्ती मिशनमध्ये वाढली, पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल छापलं जात होतं तेव्हा प्रेसमध्ये खिळे जुळवायची. तिच्या नावावर या जगात काही नव्हतं, बापाचं आडनाव पण तिला आठवत नव्हतं. मला वाटलं होतं निदान तू तरी फोनवर काहीतरी बोलशील. तू म्हणालीस, "भावाशी वाकडं नको घेऊ." मी वाकडं घेत नाहीये गं.

आणि आत्या. हे लिहू की नको असं चाललंय. आजोबा गेल्यावर 1991 ला वारस नोंद झाली तेव्हा दोन्ही आत्यांनी हक्कसोड दिला, पेढे खाऊन, साडी घेऊन. मोठी आत्या आता नाही. धाकटी भाड्याच्या खोलीत राहते आणि नाताळला अजून तुमच्यासाठी करंज्या पाठवते. तिला काय द्यायचं ते मी सांगणार नाही, तो तुमचा आणि तुमच्या बहिणीचा प्रश्न आहे. पण जक्कयाची गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगता, झाडावरून उतरला आणि ज्याचं घेतलं त्याला चौपट देतो म्हणाला, तेव्हा तुमचा आवाज चढतो. रुथ आता अकरा वर्षांची आहे, पुढच्या वेळी ती विचारेल.

मी दुसऱ्या शनिवारी येतेय, पोरांना घेऊन. बोलताना पोरांना बाहेर खेळायला पाठवू नका प्लीज, बसू दे त्यांना. आवाज चढला तरी चालेल, त्यांनी बघू दे घरात असं पण बोलतात. दादाला मी उद्या फोन करते.

पप्पा, डोळ्याचे ड्रॉप दिवसातून चार वेळा, तीन नाही. आई, गुडघ्याला शेक घेऊन लगेच पंख्याखाली बसू नको.

आणि हो, गेल्या नाताळला तुम्ही दुकानातला जुना पितळी तराजू सॅमीला देईन म्हणालात ना. रुथनं तेव्हाच विचारलं होतं की मला का नाही, मी तिला गप्प केलं होतं. आता ती म्हणते आजोबांना सांग, आधी तराजूचं ठरवा, मग जमिनीचं. सॅमीचं म्हणणं आहे की पारडी त्याची आणि वजनं तिची. यावर दोघं कालपासून भांडतायत, तुम्हीच काय ते बघा.

तुमची,
बेबी