भित्र्या कुत्र्याला मेळाव्यात घर मिळत नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात श्वान दत्तक मेळाव्याची बातमी वाचली. पिल्लांना घरे मिळाली याचा आनंद आहे. अशा मेळाव्यांत मी मदतीला उभी असते. म्हणून जी कुत्री संध्याकाळी गाडीत बसून पुन्हा पिंजऱ्याकडे जातात, त्यांच्याविषयी लिहिते आहे.

मी शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. कुत्रा चावलेली माणसे आयुष्यभर पाहिली. पोटात 14 इंजेक्शने घ्यावी लागत, तो काळही पाहिला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही, हे मला कोणी सांगायला नको. त्यामुळे भटक्या कुत्र्यांविषयी लोकांच्या मनात असलेल्या धास्तीला मी खोटी म्हणणार नाही. पण तशीच धास्ती कुत्र्याच्याही मनात असते आणि बरेचदा तो तिच्यापायीच दात दाखवतो.

भुरी अशीच. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या एका ढाब्यामागे ती वाढली. गाडीची धडक बसून मागचा पाय मोडला, म्हणून शेल्टरमध्ये आली. नसबंदी झाली, लस झाली, पाय जुळला. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणे अशा कुत्र्याला जिथून आणले तिथेच परत सोडायचे असते. पण तोवर सहापदरीकरणात ढाबाच उठला होता. सोडायचे कुठे? भुरी पिंजऱ्यातच राहिली. पाण्याच्या टपामागे अंग चोरून बसायची आणि माणसे गेल्यावर रात्रीच खायची. बाहेर कोणाच्या हातून थाळी पडली तरी बसल्या जागी लघवी व्हायची.

तिला मेळाव्यात नेले, तेव्हा जे झाले ते बहुतेक भित्र्या कुत्र्यांचे होते. मंडप, स्पीकर, पोरांचा गलका. भुरी जागच्या जागी थिजली. कोणी डोक्यावर हात फिरवला तरी हलली नाही. लोक म्हणाले, "किती गरीब आहे हो!" लहान मुले असलेल्या एका घराने तिला तिथल्या तिथे पसंत केले. त्या मंडळींचा हेतू चांगलाच होता. पण ती गरीब नव्हती, घाबरून दगड झाली होती. ओठ चाटत होती, भूक नसताना जांभया देत होती, मान न हलवता डोळ्यांच्या कडेने बघत होती, शेपूट पोटाखाली होते. वॉर्डातला भ्यालेला रुग्ण डॉक्टरांची फेरी आली की झोपेचे सोंग घेऊन पडतो, तसेच ते. नव्या घरी ती दिवाणाखाली शिरली. मुलांनी पट्ट्याला धरून ओढले तेव्हा गुरगुरली. आठवडा संपायच्या आत ती परत आली आणि येताना कागदावर शेरा घेऊन आली, "चावकी". चावली कोणालाच नव्हती.

या एका शब्दाची किंमत आता फार वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितले की नसबंदी, लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडावीत, मात्र रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितले. आदेशावर वाद घालण्याचे हे पत्र नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्यांना परतीची वाट नाही, अशी कुत्री आता पिंजऱ्यांत वाढणार, त्यांतली कितीतरी भेदरलेली असणार, आणि भीतीने गुरगुरणाऱ्याला जर आपण आक्रमक म्हणून लिहिले, तर त्याचा उरलेला जन्म गजांआडच जाणार. शेरा लिहिणाऱ्याने कुत्रा कोणत्या वेळी, कोणी काय केल्यावर गुरगुरला, हे दोन ओळींत लिहावे. आम्ही परिचारिका रुग्णाच्या कागदावर "त्रास देतो" असे लिहून मोकळ्या होत नव्हतो.

भीती येते कुठून, याचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे पिल्लांना कुंपणातल्या मैदानात माणसाच्या सहवासाविना वाढवून पाहिले होते. 1961 साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. 14 आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली पिल्ले पुढे माणसाला जवळ येऊ देईनात. रस्त्याकडेच्या नालीत, बांधकामावरच्या वाळूत जन्मलेल्या आपल्या पिल्लांचे ते कोवळे आठवडे दगड चुकवण्यात जातात. मोठेपणी त्याला "माणसाळत कसा नाही?" असे विचारणे हा अन्याय आहे.

मग शेल्टरच्या डॉक्टरांशी बोलून भुरीला मी फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळायला, घरी आणले. घरी मी आणि माझी धाकटी बहीण. दिवाणावरून जुनी सुती साडी खालपर्यंत सोडली, तेवढी जागा तिची. तिथे हात घालायचा नाही, वाकून बघायचे नाही. जेवण ठरल्या वेळी, ठरल्या जागी: भाकरी, उकडलेली कोंबडी, कधी कलेजी. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि आपलाच पेपर मोठ्याने वाचायची. अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत सगळा. आवाज ओळखीचा व्हावा, आवाजासोबत मागणी काही नसावी. डॉक्टरांनी आधी पाय पुन्हा तपासला, कारण दुखणाऱ्या अंगाला हात लागेल ही भीती वेगळीच असते. नंतर भीती कमी करणारी गोळी सुरू केली. ती पहिल्याच दिवशी गुण देत नाही, काही आठवडे थांबावे लागते. माणसाला मनाच्या आजारावर औषध देताना जो संयम ठेवतो, तोच इथे लागतो, आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे.

सगळ्यात जास्त शिकवले ते शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याने. तो दुपारी आमच्या पडवीत येऊन ऐसपैस झोपायचा. भुरी साडीआडून त्याला बघायची. तो माझ्या हातून खातो आणि त्याला काही होत नाही, हे तिने रोज पाहिले. एका दुपारी ती बाहेर आली, त्याच्या शेपटीपाशी बसली आणि माझ्या हातातल्या तुकड्याचा लांबूनच वास घेतला. मी तुकडा जमिनीवर ठेवला आणि उठून आत गेले. कुकरची शिट्टी, मिक्सर, घंटागाडीचे गाणे यांची सवय हळूहळू झाली. ढोल-ताशाची आजही नाही आणि ती व्हावी असा हट्टही मी धरला नाही.

घर शोधताना लोक एकच सल्ला देत. "शेतावर सोडा, मोकळी राहील." मी याच्या ठाम विरोधात आहे. भित्रे कुत्रे शेतावर नेले की एक तर पहिल्याच रात्री पळून जाते, नाहीतर ते पळू नये म्हणून त्याला कायम साखळीला बांधतात. त्याला मोकळे रान नको असते. त्याला हवा असतो रोज तोच माणूस, तीच वेळ, तोच कोपरा. म्हणून तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एक आई आणि तिची नोकरी करणारी मुलगी मला योग्य वाटल्या. तळमजल्याचे घर, अंगणाला भिंत, घरात लहान मूल नाही. त्यांना मी आधी नुसते येऊन बसायला सांगितले. त्या चहा पिऊन, गप्पा मारून, भुरीला हात न लावता परत जात. जाताना वापरलेली एक ओढणी ठेवून गेल्या, ती भुरीच्या अंथरुणात घातली. ती स्वतःहून त्या मुलीच्या पायाशी येऊन बसू लागली, तेव्हाच पाठवली.

नेताना दोन पट्टे हवेत, एक गळ्यात, एक हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला), कारण घाबरलेले कुत्रे मागे सरून एका पट्ट्यातून सहज निसटते. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा. पहिले काही महिने फाटक उघडण्यापूर्वी घराचे दार लावलेले हवे, दिवाळीत तर हवेच हवे. तरीही कुत्रे सुटलेच, तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट कितीही आपल्या हाडीमाशी असली तरी मागे धावू नये. जिथे शेवटचे दिसले तिथे त्याचे अंथरूण आणि खाणे ठेवून, ओळखीच्या माणसाने लांब बसून राहावे.

आता मागणे. नगरपालिकांनी पिंजरे बांधण्याच्या अंदाजपत्रकात फॉस्टर घरांसाठी खाणे, औषधे आणि डॉक्टरांची भेट यांची तरतूद करावी. माझ्यासारखी निवृत्त माणसे गावोगाव आहेत. त्यांच्याकडे वेळ आहे, घर शांत आहे, फक्त पेन्शनमध्ये गोळ्यांचा खर्च बसत नाही. शेल्टरवाल्यांनी भेदरलेली कुत्री मेळाव्याला आणूच नयेत. ज्यांना रस आहे त्यांना शेल्टरवर बोलवावे, पुन्हा पुन्हा बोलवावे. ज्यांच्याकडे असे कुत्रे नेऊन जमले नाही, त्यांनी लाजून ते रस्त्यावर सोडू नये, शेल्टरला लगेच कळवावे. गृहनिर्माण सोसायट्यांनी हे ध्यानात ठेवावे की कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केले आहे.

आणि आपल्याला एक विनंती. आपल्या शहर पुरवणीत दत्तक द्यायच्या पिल्लांची छायाचित्रे येतात. त्यातली एक चौकट दर आठवड्याला एखाद्या मोठ्या, भित्र्या कुत्र्याला द्यावी. छायाचित्र पिंजऱ्याबाहेरचे असावे आणि खाली खरे लिहावे: "अनोळखी पुरुषांना घाबरते. लहान मुले नसलेले घर हवे. दुसरे शांत कुत्रे असल्यास उत्तम. वेळ लागेल." मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा