मानसशास्त्र परीक्षा : सराव प्रश्नांबाबत सूचना

सराव प्रश्न सोडवताना उत्तरसूची आधी उघडू नका. पुस्तक मिटून, आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्याभरानंतर जास्त लक्षात राहिलं ते आठवून लिहिणाऱ्यांच्याच, पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांच्या नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऋण प्रबलन (नकोशी गोष्ट दूर झाल्याने वर्तन वाढणं) आणि शिक्षा यांत. सीटबेल्ट लावताच गाडीतला कर्कश आवाज थांबतो, म्हणून आपण तो लावायला लागतो. हे ऋण प्रबलन. वर्तन वाढलं की प्रबलन, घटलं की शिक्षा, एवढं आधी तपासा.

चुकलेल्या प्रश्नापुढे नुसती फुली नको. बाकीचे पर्याय का बाद, तेही ओळभर लिहा (कंटाळवाणं आहे, पण गुण तिथेच अडकलेले असतात).

अडलेले प्रश्न गटात टाका, उत्तर न जोडता.