चुना लावायचाच असेल तर ओरत्तनाडूला लावा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

तंजावरला गेलेला मराठी माणूस ठरल्याप्रमाणे तीन जागा बघतो. राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या आवारातला भोसले घराण्याचा १८०३ सालचा मराठी शिलालेख. छाती फुगवून फोटो काढतो आणि संध्याकाळची गाडी पकडतो. मीही दोनदा तेच केलं. तिसऱ्या खेपेला पट्टुकोट्टैच्या बसमध्ये चढलो आणि वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडूला उतरलो. त्या गावासाठी हे पत्र.

स्टँडवर ‘सत्तिरम’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि रिक्षावाल्यानं बोट दाखवलं. आपलं अन्नसत्र म्हणजेच त्यांचं सत्तिरम. मुक्तांबाळ छत्र हे त्याचं पूर्ण नाव. मुक्तांबाळ ही तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांची लग्नाची राणी नव्हे, त्यांची प्रिय स्त्री. ती लवकर गेली, आणि तिच्या नावानं राजानं १८०२च्या सुमारास ही वास्तू उभी केली. दर्शनी भागातला दगडी रथ ओढणारे हत्ती-घोडे, आत चौक आणि कोरीव लाकूडकाम. आमच्या वाईच्या वाड्यातला माणूस इथल्या चौकात उभा राहिला तर त्याला वाट विचारावी लागणार नाही.

रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी छत्रं ओळीनं बांधली. पुष्कळशी घराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची. नीडामंगलमचं छत्र तंजावरच्याच राजा प्रतापसिंहांच्या यमुनांबाळचं. काशीची कावड घेऊन निघालेले आपल्याकडचे यात्रेकरूही याच वाटेनं जात.

१७९९च्या तहानं कारभार कंपनीच्या हाती गेला, तेव्हा सरफोजींचं वय जेमतेम बावीस. १८०१ साली त्यांनी कंपनीचा दरबारातला अधिकारी, रेसिडेंट टॉरिन, यांना पत्र लिहिलं: बाकी काय ते घ्या, छत्रांना हात लावू नका. या पत्रात छत्रांचा सगळा रिवाज सांगितला आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत येईल त्याला जेवण. शिजवलेलं ज्याला चालत नाही, त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवायची आणि अजून कुणी उपाशी आहे का ते बघायचं. आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची देखभाल, वाटेत मेलेल्याचे त्याच्या त्याच्या रीतीनं अंत्यसंस्कार. परक्या गावच्या अनाथ पोरांना तीन वेळा जेवण, शिक्षक, कपडे, आणि दर चार दिवसांनी अंगाला तेल. साहेब, त्या तेलापाशी मी थबकलो. राज्य हातातून निसटलेला तरुण राजा परदेशी अधिकाऱ्याला पोरांच्या तेलाचं सांगतो आहे! तंजावरला धर्मराज्य म्हणतात, आणि हा लौकिक आपल्याला सर्वांत मोठा वाटतो, असंही त्यानं त्यात लिहिलं आहे.

ओरत्तनाडूला पुढे शाळाही चालली, नंतरच्या काळात विद्यार्थ्यांचं वसतिगृहही होतं. मी गेलो तेव्हा भिंतीच्या सांध्यात बोटाएवढं पिंपळाचं रोप होतं. जुन्या घरांची डागडुजी हाच माझा धंदा, म्हणून सांगतो. ते रोप नुसतं उपटून भागत नाही, मूळ आत राहिलं की पावसाळ्यात पुन्हा फुटतं. आणि वरून सिमेंट थापलं की भिंतीतली ओल कोंडते आणि जुना चुना आतून भुसभुशीत होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या गवंड्याशी खाणाखुणांनी बोललो. त्यानं पिशवीतून हिरडा काढून दाखवला. त्यांचा कडुक्काय. चुन्यात गूळ-हिरडा आमचे आजोबाही घालत. भाषा अडली, पण कृती एकच निघाली.

परत आल्यावर एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. ‘वास्तू राज्याबाहेर आहे’ असं तोंडी उत्तर मिळालं. बरोबरच आहे. ती तमिळनाडूची आहे आणि तिथंच राहावी. म्हणून पुतळा, कमान, पंचधातूचा फलक यातलं काही मागत नाही. कृपा करून पाठवूही नका. त्या गावाला आपला झेंडा नको आहे.

आपण तमिळनाडू सरकारशी बोलून डागडुजीच्या खर्चातला वाटा उचला. चुनाकामासाठी तिथले गवंडी घ्या, आणि आपल्याकडची चार तरुण पोरं त्यांच्या हाताखाली पाठवा. आपल्याकडे दगडी चाकाच्या घाणीत चुना मळणारे आता शोधावे लागतात. दुसरं काम आणखी स्वस्त आहे. तंजावरच्या दरबारी मोडी कागदांत छत्रांचे हिशेब आहेत. दोन मोडी वाचक आणि एक तमिळ जाणकार वर्षभर बसवले तर छत्रांपुरते कागद मराठी आणि तमिळ दोन्हींत छापून होतील. तेलाला किती पैसे लागत, हे मला त्यात वाचायचं आहे.

पावसाळ्याआधी माणूस पाठवलात तर बरं, ते रोप तेवढ्यात हाताएवढं होईल.

आपला,
वाईचा एक डागडुजीवाला