बेयर्ड स्ट्रीटवरची खोली

न्यूयॉर्क

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर जेकब रीसबद्दल बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. हा माणूस 1870 मध्ये डेन्मार्कहून इथे आला. कामाविना, उपाशीपोटी फिरला, पोलिसांच्या रात्रनिवाऱ्यात झोपला. पुढे तो गुन्हेवार्ताहर झाला. मलबेरी स्ट्रीटच्या आसपासच्या अंधाऱ्या खोल्यांबद्दल तो वर्षानुवर्षं लिहीत होता, पण ढिम्म कोणी हललं नाही. मग 1887 मध्ये मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून अंधारात फोटो काढता येतात, असं त्याच्या वाचनात आलं.

त्याचा बेयर्ड स्ट्रीटवरचा एक फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जेमतेम तेरा फूट लांबरुंद खोली, त्यात बारा बायका-पुरुष. एका जागेला रात्रीचे पाच सेंट. काही फळ्यांवर, बाकीचे जमिनीवर, आणि सगळ्यांचे डोळे झोपेतून दचकून उघडलेले. मध्यरात्री आरोग्य खात्याच्या पोलिसांबरोबर आत शिरून त्यानं तो काढला. कोणाला विचारलं नाही, नावं लिहून घेतली नाहीत. ते मला सलतं. त्याच्या 1890 च्या पुस्तकात चिनी, ज्यू, इटालियन लोकांबद्दल जे सरसकट शेरे आहेत, ते तर वाचवत नाहीत.

तरी त्या फोटोंनी काम केलं, हे मान्य करायलाच हवं. थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, इथे पोलीस आयुक्त असताना 1896 मध्ये पोलिसांचे ते रात्रनिवारे बंद झाले. मलबेरी स्ट्रीटच्या वळणावरची, मलबेरी बेंडची वस्ती पाडून 1897 मध्ये तिथे बाग झाली. आणि 1901 चा कायदा आला: नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास. हा कायदा काही एकट्या रीसचा नव्हे, पण खिडकीसाठी कायदा करावा लागतो हे लोकांच्या गळी त्यानंच उतरवलं.

बाबा, तुमच्या लालबागच्या खोलीचा एकही फोटो आपल्याकडे नाही. आजी-आजोबांचे आहेत ते स्टुडिओतले. तेव्हा एक करा. त्या खोलीचा नकाशा काढा. मोरी कुठे, माळा कुठे, रात्री कोण कुठे झोपायचं, गॅलरीत कोण, ते नावांसकट लिहा. गावाहून गिरणीत कामाला येऊन राहिलेल्यांचीही नावं हवीत. आत्याला विचारा, तिला जास्त आठवेल.

आईला नमस्कार.

तुमची,
ताई