फोंड्याच्या व्यायामशाळेतील काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या चतुर्थीनंतर आपण ज्याच्या हातातून भरलेला बार काढून घेतला होता, तो मी. फोंड्याच्या आमच्या व्यायामशाळेत लहानथोर सगळेच आपल्याला नुसते 'काका' म्हणतात. त्यामुळे आपले पूर्ण नाव मला आजही ठाऊक नाही आणि म्हणूनच हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे.

त्या वेळी माझे उजवे मनगट तीन महिने दुखत होते. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे पडून बार वर ढकलताना, ६० किलोच्या पुढे गेलो की मनगटाच्या मागच्या बाजूस कळ येई, आणि सकाळी स्कूटरवरून पणजीला निघालो की बाणस्तारीचा पूल येईपर्यंत आक्सिलेटर पिळवत नसे. चतुर्थीच्या नेवऱ्यांसाठी नारळ खवायला बसलो, तेव्हा दुसऱ्याच कवडीला आईने मला उठवले. त्याआधी एका प्रशिक्षकाने "सवय होईल" असे सांगून रिस्ट रॅप, म्हणजे मनगटाला गुंडाळायचे आवरण, घ्यायला लावले होते. ते घट्ट आवळून मी वजन वाढवतच राहिलो, हा माझाही मूर्खपणा.

आपण आधी विचारले, "हातावर पडला होतास का?" मग अंगठ्याच्या मुळाशी असलेला खळगा दाबून पाहिलात, रात्री बोटांना मुंग्या येतात का याची चौकशी केलीत, आणि तिन्हींची उत्तरे ठीक असूनही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बारला हात लावू दिला नाहीत. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचे सांगून दोन आठवडे विश्रांती दिली.

परत आलो त्या दिवशी आपण खडूचा तुकडा घेऊन माझ्या तळहातावर रेघ ओढलीत: अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून निघून करंगळीखालच्या, मनगटालगतच्या गादीपर्यंत जाणारी, तिरकी. बार या रेघेवर ठेवायचा आणि अंगठा त्याभोवती घट्ट गुंडाळायचा. मी तो बोटांच्या मुळाशी धरत होतो, त्यामुळे मनगट मागे मोडत होते आणि सरळ कोपराकडे उतरायला हवा तो भार मनगटाच्या आठ लहान हाडांवर तिरका पडत होता. हे आपण बाजूला उभे राहून एका नजरेत ओळखलेत. मी मात्र इतके दिवस आरशात फक्त समोरूनच पाहत होतो.

फ्रंट स्क्वॅटबद्दल, म्हणजे बार खांद्यांवर पुढून पेलून काढायच्या बैठकांबद्दल, तर मी मनगटाला उगाचच बोल लावत होतो. कोपर खाली पडत होते ते दंडाची मागची बाजू आणि पाठ आखडलेली असल्यामुळे, हे आपण दाखवलेत. अंग सैल होईपर्यंत बारला दोन पट्टे अडकवून ते धरायला दिलेत, आणि कर्लसाठी, म्हणजे कोपरातून हात दुमडून बार उचलायला, सरळ बारऐवजी नागमोडी बार हातात ठेवलात.

त्यानंतरचे तीन आठवडे २० किलोच्या रिकाम्या बारवर काढायला लावलेत, तेही शेजारी शाळकरी मुले प्लेटवर प्लेट चढवत असताना. मला लाज वाटत आहे हे ओळखून आपण स्वतःच्या बारवरील प्लेट उतरवल्यात आणि माझ्याबरोबर रिकामाच बार उचललात. याचे आभार मी तेव्हा मानले नव्हते, ते आज मनापासून मानतो.

या आठवड्यात ७० किलो विनातक्रार उचलले. आपले ते दोन पट्टे अजून माझ्याच पिशवीत आहेत; मंगळवारी धुऊन आणून देतो.

आपला नम्र,
खिडकीकडच्या बेंचवरचा मुलगा