बिअर बनवण्याचे शिक्षण हेही तंत्रशिक्षणच

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानांवर परदेशी विद्यापीठांची माहिती नेमाने येते. मात्र अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा, म्हणजे दोन वर्षांत असोसिएट पदवी देणाऱ्या आणि आसपासच्या उद्योगांसाठी माणसे तयार करणाऱ्या सार्वजनिक संस्थांचा, उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो. अशाच काही कॉलेजांत क्राफ्ट ब्रुइंगचा, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बिअर बनवण्याचा, अभ्यासक्रम शिकवला जातो आणि त्याविषयी ओळखीतले पालक मला अलीकडे विचारू लागले आहेत. काहींना तो थट्टेचा विषय वाटतो, तर काहींना एखाद्या एजंटाने तो अमेरिकेत स्थायिक होण्याची वाट म्हणून सांगितलेला असतो. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, पुढे नॉर्थ कॅरोलिनात असा अभ्यासक्रम पूर्ण केलेली आणि आता एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत काम करणारी वाचक या नात्याने मला या दोन्ही समजुतींबद्दल लिहावेसे वाटते.

या अभ्यासक्रमात चव घेण्याचा भाग थोडा आणि धुण्याचा भाग फार मोठा असतो. फरमेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याची टाकी, रिकामा झाला की तो गरम कॉस्टिक सोड्याने धुवायचा, आत जमलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा थर आम्लाने काढायचा, मग पेरासेटिक आम्लाने निर्जंतुक करायचा आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायची, हे हातवळणी पडेपर्यंत करून घेतले जाते. किण्वनात, म्हणजे आंबण्याच्या क्रियेत, निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचून राहतो आणि हवा न तपासता टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, म्हणून बंदिस्त जागेतील सुरक्षिततेचा पाठ बिअरच्या पाककृतीइतकाच मन लावून शिकावा लागतो.

रसायनशास्त्राचे म्हणाल तर ते पहिल्या दिवसापासून सोबत असते. भरडलेले बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरत ठेवले की त्यातील विकरे (एन्झाइम्स) स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. तापमान दोन-तीन अंशांनी खाली राहिले तर यीस्टला पचणारी साखर अधिक तयार होऊन बिअर कोरडी लागते, वर गेले तर ती अंगाने जड होते. किण्वन संपत आले की नमुना काही वेळ गरम पाण्यात ठेवून, थंड करून हुंगायचा असतो, कारण त्याला लोण्यासारखा वास आला तर डायअ‍ॅसिटिल या लोण्याच्या वासाच्या द्रव्याचे पूर्वद्रव्य, म्हणजे ज्यापासून ते तयार होते ते द्रव्य, अजून शिल्लक आहे आणि यीस्टला आणखी वेळ द्यायला हवा, असे समजते. दुग्धशाळेत किंवा औषधनिर्मितीच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही यातील निम्मी शिस्त ओळखीची वाटेल.

असे शिक्षण कम्युनिटी कॉलेजात रुजण्याचे कारण त्या त्या गावात असते. नॉर्थ कॅरोलिनातील डोंगराळ भागातले अ‍ॅशविल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या ऑस्कर वाँग यांनी १९९४ मध्ये तेथे हायलँड ब्रुइंग सुरू केली. २००५ मध्ये राज्याने बिअरमधील अल्कोहोलची मर्यादा ६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली. पुढे बाहेरच्या मोठ्या ब्रुअरींपैकी सिएरा नेवाडा २०१४ मध्ये जवळच्या मिल्स रिव्हरला आणि न्यू बेल्जियम २०१६ मध्ये अ‍ॅशविलला आली. येथील अ‍ॅशविल-बंकम टेक्निकल कम्युनिटी कॉलेज ब्रुइंग, डिस्टिलेशन आणि फर्मेंटेशन या विषयाची असोसिएट पदवी देते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने या शहराचा पाणीपुरवठा उद्ध्वस्त केला, नॉर्थ फोर्क जलाशय गाळाने इतका गढूळ झाला की तो निवळण्यासाठी त्यात थेट अ‍ॅल्युमिनियम सल्फेट सोडावे लागले, आणि नळाला पुन्हा पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यामुळे ‘पाण्याचे रसायन’ हा वर्गातला काहीसा रुक्ष वाटणारा विषय त्या दिवसांत इथल्या प्रत्येक ब्रुअरीच्या पोटापाण्याचा प्रश्न झाला होता.

आता स्थायिक होण्याच्या वाटेबद्दल, कारण येथे पालकांचे मोठे नुकसान होऊ शकते. असोसिएट पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर साधारणपणे एक वर्ष काम करण्याची परवानगी मिळू शकते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी दोन वर्षांची वाढीव मुदत मात्र किमान चार वर्षांची पदवी असणाऱ्यांसाठी आहे, आणि नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसासाठीही सामान्यतः त्याच दर्जाची पदवी लागते. शिवाय बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी अठराच्या आसपास असते, तर अमेरिकेत मद्यपानाचे किमान वय २१ आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना वर्गात बिअर किंवा वाइन चाखून थुंकण्याची मुभा दिली; मात्र प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्याने तो आधी तपासावा लागतो. त्यातच २०२४ मध्ये अमेरिकेत नव्याने उघडलेल्या क्राफ्ट ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. एवढे माहीत असूनही या कामाची मनापासून ओढ असलेल्या, विशेषतः विज्ञानाची पदवी आधीच हाती असलेल्या तरुणांनी जरूर यावे. केवळ व्हिसासाठी कोणी या वाटेला लागू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखी आहे ती कॉलेज आणि कारखाना यांची सांगड. पुण्यात २००९ मध्ये ‘दुलाली’ ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत अनेक मायक्रोब्रुअरी उभ्या राहिल्या. नाशिक परिसरात वाइनचा उद्योग त्याआधीपासून आहे. पुण्याजवळच्या मांजरीतील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि ते मोलाचेच आहे. परंतु टाकी धुणारा, पंप जोडणारा, यीस्टच्या पेशी मोजणारा तंत्रज्ञ घडवायला पदव्युत्तर पदवीची गरज नाही. त्याला आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या पातळीवरचा, निम्मा वेळ प्रत्यक्ष ब्रुअरीत घालवणारा अभ्यासक्रम हवा, आणि तेथे शिकलेली स्वच्छता, शीतकरण व सुरक्षितता त्याला दुग्ध किंवा फळप्रक्रिया उद्योगातही उपयोगी पडेल. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीशिवाय हे होणार नाही, म्हणून त्या विभागाने आणि तंत्रशिक्षण संचालनालयाने एकत्र बसून असा अभ्यासक्रम आखणे शक्य आहे का, याची विचारणा आपल्या प्रतिनिधींनी करावी आणि मिळालेले उत्तर शिक्षणाच्या पानावर छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक
अ‍ॅशविल, नॉर्थ कॅरोलिना